वावटळीच्या वाटेवर

मंडळी, सुरुवात एका काडीपासून करतो. नांगरून उन्हात तापत टाकलेलं रान, दुपारचा एक वाजलेला, मी बांधावर बसलेलो. वारा जवळजवळ पडलेला. समोर दहा-बारा हातांवर गवताची एक वाळकी काडी होती. ती एकदम उभी राहिली. टोकावर उभी राहून दोन गिरक्या घेतल्या, गुडघ्याएवढी वर आली, मग डोक्याच्या वर गेली, मग झाडाच्या शेंड्याएवढी, आणि दिसेनाशी झाली. आजूबाजूची ढेकळं जागच्या जागी होती, धुळीचा कणही उडाला नव्हता. पण तिथून एक वावटळ गेली होती. तिला दाखवायला त्या जागी मोकळी माती नव्हती, म्हणून काडीने साक्ष दिली.

वावटळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धुळीचा खांबच येतो. मीही कित्येक उन्हाळे त्या खांबामागे पळालो. आज मला सांगायचंय ते एवढंच, की धूळ म्हणजे वावटळ नव्हे. वावटळ म्हणजे हवा. धूळ तिच्या अंगावर चढते, आणि ती चढली तरच ती आपल्याला दिसते.

आधी ती होते कशी ते पाहू, कारण त्याशिवाय तिच्या मागे जाण्यात अर्थ नाही. ऊन हवेतून आरपार येतं आणि जमीन तापवतं. हवा तापते ती प्रामुख्याने त्या जमिनीला टेकून. कडक उन्हाळ्यात उघड्या मातीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा आपल्या डोक्याच्या उंचीवर हवा ४० अंशांच्या आसपास असते. म्हणजे एका माणसाच्या उंचीत २० अंशांचा फरक! एरवी वर चढणारी कोरडी हवा एवढी थंड व्हायला दोन किलोमीटर जावे लागतात. हलकी, तापलेली हवा खाली दबून बसलेली आणि तिच्या डोक्यावर जड हवा, ही घडी टिकणारी नसते. कुठेतरी ती फुटते आणि गरम हवेचा झोत वर सुटतो. लांबवर झळा थरथरताना दिसतात, तेव्हा आपण हीच घालमेल पाहत असतो.

वर गेलेल्या हवेची जागा घ्यायला चहूबाजूंनी हवा जमिनीलगत आत सरकते. ती नेमकी मध्यावर नाक धरून कधी येत नाही. एखादा बांध, एखादं झुडूप, तिरकी झुळूक, कशानेही तिला किंचित कल मिळालेला असतो. दोरीला दगड बांधून बोटाभोवती फिरवला आणि दोरी बोटाला गुंडाळत गेली, की दगडाचे फेरे भराभर होतात. आत खेचल्या जाणाऱ्या हवेचंही तसंच होतं. लांबवर जी जेमतेम कलती होती, ती मध्याजवळ येता येता गरगरायला लागते. मग मधला दाब उतरतो, आणखी हवा खेचली जाते. वातावरणाचे अभ्यासक निल्टन रेन्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वावटळीकडे उष्णतेचं इंजिन म्हणून पाहायची मांडणी केली. तापलेली भुई ही भट्टी, आणि वरची थंड हवा ही उष्णता सोडून द्यायची जागा. मला ही मांडणी फार आवडते, कारण तिच्यात धुळीचं काम जवळपास नाहीच. भट्टी पेटलेली असली की इंजिन चालू. धूळ असो वा नसो.

इथे एक गैरसमज लगेच बाजूला करतो. मोठ्या चक्रीवादळांना पृथ्वीच्या फिरण्यामुळे ठरावीक दिशा असते, म्हणून वावटळीही उत्तर गोलार्धात एकाच दिशेने फिरत असतील असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. वावटळ इतकी लहान आणि अल्पायुषी असते की पृथ्वीच्या फिरण्याचा तिच्यावर म्हणण्याजोगा परिणाम होत नाही. डावी-उजवी दोन्ही सारख्याच भेटतात. मी वहीत प्रत्येकीपुढे बाण काढतो, आणि माझ्या वहीतही कोणत्याच दिशेची सरशी झालेली नाही. टोर्नेडोशीही तिची गल्लत करू नका. टोर्नेडो वादळी ढगातून खाली येतो. वावटळ निरभ्र आभाळाखाली जमिनीतून वर उगवते.

आता शेताकडे येतो. बारीक माती वारा सहज उचलत असेल असं वाटतं ना? प्रत्यक्षात अगदी बारीक कण एकमेकांना चिकटून बसतात. सगळ्यांत सहज हलतात ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे वाळूचे कण. ते टणाटण उड्या घेत जातात, खाली आपटतात, आणि त्या माराने बारीक माती मोकळी होते. वावटळीच्या बुंध्याशी घेरदार घागऱ्यासारखं जे फिरताना दिसतं ते हे जड कण. वर चढत जाणारा खांब बारीक मातीचा. घासाघाशीत कणांवर विद्युतभार येतो. लहान कण बहुधा ऋण, मोठे धन. लहान वर जातात, मोठे खाली राहतात, आणि त्या खांबात मीटरमागे हजारो व्होल्टचं विद्युतक्षेत्र तयार होतं.

म्हणून एकच वावटळ तीन रानांतून जाताना तीन वेगळ्या रूपांत दिसते. हे मी एकदा सलग पाहिलंय आणि त्या दिवसाला मी फार मानतो. पहिल्या रानात कुळवून कुळवून माती अगदी फुफाटा झालेली. तिथे ती विटकरी रंगाची, चांगली दोन-तीन मजले उंच, बुंध्याशी दाट. पुढचं रान धसकटांचं. तिथे शिरताच रंग उतरला, खांब विरळ झाला, आत फक्त पाचोळा आणि काड्या फिरत होत्या. त्यापुढे पडीक, पावसाने थापून घट्ट पापुद्रा बसलेली जमीन होती. तिथे ती ‘संपली’. मी वही मिटत होतो, तेवढ्यात पडीक रान ओलांडून पलीकडच्या गाडीवाटेवर तोच भोवरा, त्याच दिशेने फिरत, पुन्हा धुळीसकट उभा राहिला. मधली पाऊणशे पावलं तो होताच. मलाच दिसत नव्हता.

शेतकऱ्याने यातून काय घ्यायचं ते उघड आहे. वावटळ आपल्या हातात नाही, तिला माती द्यायची की नाही हे बऱ्याच अंशी हातात आहे. आणि ती नेते ती बारीक, कसदार माती. खडे मागे राहतात. उन्हाळाभर रान पिठासारखं भुसभुशीत करून उघडं टाकणं मला पाहवत नाही.

मागे धावण्याचा इतिहास जुना आहे. बेंजामिन फ्रँकलिन १७५५ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये घोड्यावरून जात असताना त्यांना एक लहानशी वावटळ दिसली. बरोबरचे लोक थांबून पाहत राहिले, फ्रँकलिन मात्र तिच्या शेजारून घोडा घेऊन निघाले. समुद्रावरच्या पाण्याच्या भोवऱ्यातून गोळी झाडली तर तो मोडतो असं तेव्हा लोक मानत, म्हणून त्यांनी तिच्यावर चाबूक ओढून पाहिले. काहीही झालं नाही. वावटळ रस्ता सोडून रानात शिरली, वाळकी पानं उचलायला लागली, तरी ते बरोबर होते. सुमारे पाऊण मैल गेल्यावर, झाडांच्या मोडक्या फांद्या पडण्याचं भय वाटून ते थांबले. पानं इतकी उंच गेली होती की माश्यांएवढी दिसत होती, असं त्यांनी पत्रात लिहिलंय. मला त्या पत्रात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी आधी करून पाहिलं आणि मग लिहिलं.

माझं धावणं मात्र चुकीचं होतं. वावटळ साधारण वाऱ्याबरोबर सरकते. सेकंदाला पाच मीटर म्हणजे ताशी १८ किलोमीटर. ढेकळांतून तेवढं पळणं माणसाला जमत नाही. बहुतेक वावटळी काही मिनिटांत विरतात, लहान तर मिनिटभरही टिकत नाहीत. मागून पळणारा पोचतो तो धूळ खाली बसल्यावर. पाच-सहा वर्षं मी हेच केलं. एकदा पोचलो, तर उघड्या डोळ्यांनी आत शिरलो आणि बुबुळावर ओरखडा आला. चार दिवस डोळ्याला पट्टी होती. तेव्हापासून डोळे झाकणारा चष्मा आणि नाकातोंडाला ओला फडका घेतल्याशिवाय मी रानात पाऊल टाकत नाही. तुम्हीही टाकू नका.

मग शिकलो ते असं. मागे जायचं नाही, वाऱ्याच्या पुढे जाऊन बसायचं. सकाळी दहाच्या सुमाराला लहान भिंगऱ्या सुरू होतात, बारा ते तीन हा त्यांचा भर. ओलिताचं हिरवं रान आणि त्याला लागून तापलेलं उघडं रान असेल तर तो काठ धरायचा, कारण तिथे गार आणि गरम हवा शेजारी शेजारी असते. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ईलॉय गावाजवळ २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी वावटळी मोजायला तळ ठोकला होता, तोही अशाच शेतीच्या पट्ट्यात. आणि वावटळ दिसली की लांबचं एखादं झाड किंवा खांब धरून तिच्याकडे पाहायचं. ती त्या खुणेच्या डावी-उजवीकडे सरकत असेल तर ती बाजूने जाणार. खुणेवरून हलत नाही आणि मोठी मोठी होत चाललीय, तर ती तुमच्याकडेच येतेय.

आत काय असतं? पहिल्यांदा पिंढऱ्यांवर वाळूचा मारा. वारा एका बाजूने इतका जोरात येतो की पाय रोवावा लागतो. कानात फक्त खरखर. आणि चांगली रुंद वावटळ असेल, ती नेमकी अंगावरून गेली, तर मध्ये दोन-तीन श्वास सगळं थांबतं. ऊबदार, जवळजवळ शांत हवा. शर्ट अंगाला सैल लोंबतो. मग दुसऱ्या बाजूने, उलट दिशेचा वारा थाडकन आदळतो. खिशातल्या फोनमध्ये दाब मोजण्याची सोय होती, ती मी चालू ठेवली होती. आलेख दीड मिलिबार खाली जाऊन परत वर आलेला. सपाट जमिनीवर दीड मिलिबार म्हणजे आपण उभ्या उभ्या बारा-तेरा मीटर वर चढल्यासारखं.

हीच शांतता पुढे मंगळावरून ऐकू आली. २७ सप्टेंबर २०२१ ला तिथे फिरणाऱ्या ‘नासा’च्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरून एक वावटळ गेली आणि तिचा मायक्रोफोन त्या वेळी नेमका चालू होता. सुमारे २५ मीटर रुंद, निदान ११८ मीटर उंच वावटळ. ध्वनिफितीत वाऱ्याची एक लाट येते, मग शांतता, मग दुसरी लाट, आणि मधूनमधून कणांचे टिचके. काही सेकंदांचा मामला. मी ते डोळे मिटून ऐकलं आणि माझ्या पिंढऱ्या हुळहुळल्या. तिथली हवा इथल्या हवेच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाएवढी विरळ, तरी चाल तीच.

मंगळावरच्याच दुसऱ्या एका यानाने माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलाय. इनसाइट २०१८ ते २०२२ एका जागी उभं होतं. त्याच्या दाबमापकावर हजारोंनी वावटळी उमटल्या. कॅमेऱ्यात मात्र एकही आली नाही. धूळ न उचलताच त्या जात राहिल्या. इथे पृथ्वीवर ग्रहांचे अभ्यासक राल्फ लॉरेंझ यांनी वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांच्या तळावर लहान दाबमापक पेट्या ठेवून दिल्या आणि त्या आपोआप नोंदी करत राहिल्या. त्याआधी १९६०च्या दशकात संशोधक पीटर सिंक्लेअर ॲरिझोनातल्याच टूसॉन शहराच्या परिसरात गाडीवर उपकरणं चढवून वावटळींत शिरत होते. ते धाडस मोठं आणि त्यातून मिळालेली माहितीही मोठी, पण गाडी धावणार ती दिसणाऱ्या वावटळीकडेच. पेटीला दिसण्या-न दिसण्याचा फरक नाही.

एक गोष्ट गंभीरपणे. अंगणात पत्रा, ताडपत्री, मंडप सुटा ठेवू नका. हवा भरून फुगवलेला मुलांचा खेळण्याचा किल्ला तर कधीच नको. डिसेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात तसा किल्ला उचलला गेला आणि सहा मुलं दगावली. पुढे न्यायालयात कारण म्हणून वावटळीचंच नाव आलं. दुरून ती कितीही लहान दिसली तरी मुलांना तिच्यामागे पळू देऊ नका.

आता मी काय करतो ते सांगून थांबतो. काडीच्या त्या दुपारनंतर मी बांधावर ठरावीक अंतरावर तीन काठ्या रोवतो, प्रत्येकीला हलक्या दोऱ्याची झिरमिळी. फोन सावलीत दगडाखाली, दाबाची नोंद चालू. वर घारी असतात. त्या पंख न हलवता एका जागी चकरा मारत चढायला लागल्या की त्यांच्याखाली गरम हवेचा झोत आहे हे कळतं. मग मी खाली पाहतो. कधी पहिल्या काठीची झिरमिळी सरळ वर उभी राहते आणि खाली पडते. मी मनात आकडे मोजतो. सात, आठ, नऊ. मग दुसऱ्या काठीची उभी राहते. रानात कुठेही धूळ नसते. तिसऱ्या काठीपर्यंत ती येते की नाही हे पाहायला मी श्वास रोखून बसलेला असतो.