दोन छोट्या दांड्यांची जीप

(दृश्य: पहाट. हापूसची कलमं. उतारावरून वर येणारी लाल वाट.)

देवगडात एप्रिल लागला की घरातल्या कुणाला झोप नसते. आमची बाग सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या खाली, खाडीकडच्या उतारावर आहे. कलमं चांगली धरतात, वाट मात्र वाईट. खाली जांभ्याचा कातळ, वर सुटी लाल माती, आणि मध्ये एक चढ असा की भरलेल्या पेट्या घेऊन टेम्पो तिथून वर येतच नाही. त्या एका चढासाठी आमच्या घरात जीप आहे, आजोबांच्या वेळेपासून.

(दृश्य: जीपच्या आत. गिअरचा मोठा दांडा, शेजारी दोन छोटे.)

हे दोन छोटे दांडे बघा. एकानं पुढची चाकं जोडली जातात, दुसऱ्यानं हाय-लो होतं. गिअरबॉक्सच्या पाठीला लागून ट्रान्सफर केस असते, इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी. हे दांडे तिचे. आमच्या जीपला आहे ती स्पायसर १८, पुढे तिलाच डाना १८ म्हणू लागले. १९४१ सालच्या लष्करी विलीज जीपपासून चालत आलेली ही रचना. लो लावली की चाकांचा वेग साधारण अडीचपटीनं कमी होतो आणि जोर तितकाच वाढतो. केसच्या आत दोन रेल, म्हणजे दांड्यानं पुढंमागं सरकणाऱ्या सळया असतात, रेलवर गिअर सरकवणारे फोर्क, आणि दोन रेलच्या मध्ये करंगळीच्या पेरापेक्षाही लहान एक पिन. फ्रंट लावल्याशिवाय लो लागू नये म्हणून ती पिन. लोचा सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर पडू नये, हा त्यामागचा विचार. ही पिन काढून टाकणारे बरेच आहेत. आम्ही काढली नाही, आणि कुणी काढूही नये असं मला वाटतं.

आमचा जुना चार गिअरचा बॉक्स घासून गेला होता. शिवाय नांदगावला मुंबई-गोवा हायवेला लागलं की इंजिन नुसतं ओरडायचं. म्हणून पाच गिअरचा बॉक्स बसवायचं ठरलं. इंजिन तेच ठेवलं. इंजिनाला हात लावायचा तर आधी आरटीओची मंजुरी लागते, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गिअरबॉक्सचं कामही आम्ही तिथं विचारूनच हाती घेतलं.

(दृश्य: जामसंड्याजवळचं गॅरेज. खड्ड्यावर उभी जीप.)

नवा बॉक्स लांब. मध्ये अ‍ॅडॅप्टर प्लेटही आली. त्यामुळे ट्रान्सफर केस चार बोटं मागे सरकली. मागचा प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड केला, पुढचा लांब करून घेतला, बॉक्सखालचा आडवा मेंबर सरकवला. ही कामं मोठी दिसतात, पण लेथवाल्याला ती पाठ असतात. अडलं ते छोट्या दांड्यांपाशी. ते केसच्या तोंडावरच एका आडव्या पिनवर डोलतात, त्यांची खालची टोकं रेलमध्ये अडकलेली. केस मागे गेली तसे दांडेही मागे गेले आणि सीटखाली शिरले.

तेव्हा गाडी आधीच्या एका गॅरेजात होती. तिथं सोपा मार्ग काढला. फ्लोअरच्या पत्र्याला ब्रॅकेट वेल्ड केलं, दांडे त्यावर बसवले आणि खाली दोन रॉड सोडून रेलला जोडले. उभ्या गाडीत दांडे लोण्यासारखे फिरत होते. मीही खूश होतो.

(दृश्य: बागेतला चढ, खालून वर.)

मग हा चढ आला. मागं पंचवीस पेट्या, फ्रंट लावलेली, लोचा पहिला. अर्ध्यावर खट् असा आवाज झाला, इंजिन एकदम मोकळं होऊन किंचाळलं आणि जीप मागं घरंगळू लागली. लो सुटून ट्रान्सफर केस न्यूट्रलला आली होती. अशा वेळी गिअरबॉक्स पहिल्यात असला काय आणि नसला काय, इंजिनाचा चाकांशी संबंधच उरत नाही. पाय ब्रेकवर गेला, हात हँडब्रेकवर. आमच्या जीपचा हँडब्रेक ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर आहे, म्हणजे केसनंतर, चाकांच्या बाजूला, त्यामुळे न्यूट्रलमध्येही त्यानं गाडी धरली. पाठीमागच्या पायवाटेवर त्या वेळी माझी काकी डोक्यावर टोपली घेऊन उभी होती. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी जामसंड्याच्या या मिस्त्रींकडे आणली. त्यांनी आधी काही उघडलं नाही. मला सीटवर बसवलं, ब्रेक दाबून धरायला लावला आणि गाडी लोच्या पहिल्यात घालून क्लच जरासा सोडायला सांगितला. स्वतः खड्ड्यात बॅटरी धरून उभे. मग मला खाली बोलावलं आणि माझ्या मुलाला वर बसवून तेच करून दाखवलं.

(दृश्य: खालून, अगदी जवळून. रबर फाउंडेशन दबतंय, बॉक्स एका अंगाला कलतोय.)

हे बघा. जोर आला की इंजिन, बॉक्स आणि ट्रान्सफर केस मिळून फाउंडेशनच्या रबरांवर कलतात. पत्रा जागचा हलत नाही. एक टोक पत्र्याला आणि दुसरं रेलला बांधलेला रॉड मग रेल ओढणारच. आत रेलच्या खाचेत स्प्रिंगवरची एक स्टीलची गोळी बसलेली असते, तिची पकड ती केवढी! मिस्त्री खड्ड्यातूनच म्हणाले, “दांडो बॉक्सार बसव, पत्र्यार नको. जा हलता, तेच्यावांगडाच दांडो हलूक होयो.”

जिप्सीत हे मुळातच सांभाळलेलं आहे. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, मध्ये छोटा शाफ्ट, आणि दांडा थेट केसवर. केस स्वतःच्या रबरांवर कितीही डोलू दे, दांडा तिच्याबरोबर डोलतो. इंजिन बदललं तरी त्या दांड्याला धक्का लागत नाही.

आमच्यासाठी मिस्त्रींनी गिअरबॉक्सच्या वरच्या बोल्टांवर जाड पट्टीचं ब्रॅकेट बसवलं. दोन्ही दांडे ज्यावर डोलतात तो खिळा त्यावर. मी ट्रॉलरच्या इंजिनाला असते तशी केबल सुचवली होती. त्यांनी नको म्हटलं. केबल ओढताना चांगली, ढकलताना वळणावर फुगते, आणि खारं पाणी एकदा आत शिरलं की जाम होते. खिळ्याचे बुश मात्र बंदरावरच्या माणसाकडूनच आले, होडीच्या शाफ्टचा जुना गनमेटलचा बुश खरादून.

(दृश्य: हातात नवा रॉड. दोन्ही टोकांना आटे.)

रॉडच्या एका टोकाला सरळ आटे, दुसऱ्याला उलटे. रॉड जागेवरच पिळला की लांबी कमी-जास्त होते. आता यातलं मुख्य. रॉड आधी सोडून ठेवायचा. खाली रेल हातानं पूर्ण आत ढकलायची, गोळी खाचेत पडल्याचा ठक् बोटाला कळेपर्यंत. मग वरचा दांडा त्याच्या जागी धरायचा आणि रॉडची लांबी अशी जुळवायची की पिन न ठोकता, आपली आपण योकमध्ये, म्हणजे रॉडच्या टोकाच्या चिमट्यात सरकेल. पिनला हातोडी लागली तर लांबी चुकली. हाय, न्यूट्रल, लो, प्रत्येक ठिकाणी हेच. शेवटी चेक नट आवळायचे आणि स्प्लिट पिन नवी घालायची. जुनी सरळ करून परत वापरायची नाही. पहिल्या गॅरेजात उलटं झालं होतं. दांडा वरून ओढून “लागला” असं धरलं, खाली रेल अर्धीच गेली होती.

दांड्याचं मापही हवं. खिळ्याच्या वर तीनशे मिलिमीटर आणि खाली साठ ठेवले तर रेल वीस सरकायला हात शंभर सरकतो. खालचा भाग आखूड केला की दांडा हलका लागतो, पण हाताचा प्रवास वाढतो आणि तो आधी पत्र्याच्या भोकाला टेकतो. आमचं भोक बोटभर वाढवावं लागलं. रबराचं बूटही मऊ घातलं, कारण कडक बूट दांड्याला मागं रेटत राहतं.

(दृश्य: पाऊस. पडवीत उभी जीप.)

आपल्याकडे लाल चिखल सुकला की चिऱ्यासारखा घट्ट होतो, आणि खारी हवा लोखंड खाते. म्हणून प्रत्येक खिळ्याला ग्रीस निपल आहे. पावसाळ्यात गाडी उभीच असते, पण रविवारी माझा मुलगा दोन्ही दांडे पुढंमागं करतो. आधी फ्रंट, मग लो. काढताना आधी लो, मग फ्रंट.

(दृश्य: पुन्हा तोच चढ. पेट्या भरलेली जीप.)

पुढच्या हंगामात पहिल्या खेपेला मिस्त्री स्वतः बाजूला बसले होते. चढाच्या मध्यावर त्यांनी मला मुद्दाम थांबवलं, पुन्हा उचलायला लावलं. दोन बोटं दांड्याच्या मुठीवर नुसती टेकवलेली. इंजिन कललं, दांडाही तेवढाच कलला.

“चल,” म्हणाले. काकी वर वाटेत उभी होती. तिनं पेट्या मोजायला घेतल्या.