पावाच्या तुकड्याला एक नाटक

राव्हेन्सब्रुकच्या नाझी छावणीत एका बाईनं आपल्या वाट्याचा पाव देऊन एक पुस्तक घेतलं. तिथं पाव सोडणं म्हणजे काय, हे पोटभर जेवून इथं बसलेल्या आपल्याला नीटसं कळणार नाही. पुस्तक होतं जुन्या फ्रेंच नाटककार मोलिएरच्या 'ल मिझांत्रोप' या नाटकाचं, शाळकरी मुलांसाठी काढतात तसल्या छोट्या आवृत्तीतलं. विकणारी एक रोमा, म्हणजे जिप्सी, बाई होती आणि घेणारी शार्लोत देल्बो. त्या दिवसापासून शार्लोत रोज थोडं थोडं नाटक पाठ करू लागली. पहाटेच्या हजेरीला तासन् तास उभं राहावं लागे. तेव्हा ती पाठ झालेला भाग मनातल्या मनात म्हणायची. सगळं नाटक पाठ झालं, तेव्हा तिची हजेरी जवळजवळ त्यावरच निघायची.

मंडळी, कैदेतून जिवंत परतलेल्या माणसांनी स्वतःच्या आयुष्यावर केलेल्या नाटकांबद्दल मला आज बोलायचं आहे. सुरुवात या पावापासून केली, कारण छावणीतून सुटल्यावर लिहिलेल्या नाटकाची तालीम छावणीतच सुरू झाली होती, असं मला वाटतं.

शार्लोत मुळात नाटकाच्या जगातली. लुई जूव्हे या मोठ्या फ्रेंच नट-दिग्दर्शकाची ती सचिव होती. जूव्हे विद्यार्थ्यांना शिकवत, तेव्हा कोपऱ्यात बसून ती त्यांचा शब्द न् शब्द लघुलिपीत उतरवून घ्यायची. 1941 साली ती जूव्हेंच्या मंडळीबरोबर दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर होती. म्हणजे सुरक्षित होती. तरी ती जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसला परतली. नवरा भूमिगत चळवळीत होता, आपणही तिथंच असायला हवं, एवढाच विचार. मार्च 1942 मध्ये दोघांना अटक झाली. 23 मे रोजी नवऱ्याला गोळ्या घातल्या. त्याआधी काही मिनिटं तिला त्याचा निरोप घेऊ दिला होता. 24 जानेवारी 1943 रोजी ती ऑशविट्झच्या गाडीत चढवलेल्या 230 स्त्रियांपैकी एक होती; राव्हेन्सब्रुक त्यानंतरचं. त्यांतल्या 49 परत आल्या.

यातला एक प्रसंग मला सोडवत नाही. ऑशविट्झजवळ राइस्को नावाची उपछावणी होती. तिथं रबराच्या चिकासाठी एका जातीच्या वनस्पतीची लागवड चाले. मूळ छावणीपेक्षा तिथलं जगणं जरा सुसह्य होतं. यांच्यातल्या काही जणी तिथं पोहोचल्या आणि त्यांनी मोलिएरचं 'ल मलाद इमाजिनेर' बसवायचं ठरवलं. संहिता कुठून आणणार? एकीनं आठवून आठवून ती कागदावर उतरवली. दिवसभराच्या राबणुकीनंतर, रात्री, थंडीत तालमी. आणि एका रविवारी प्रयोग झाला. शार्लोतनं नंतर लिहून ठेवलंय की तिकडे धुराडी धूर ओकत होती आणि इकडे दोन तास आम्ही जे करत होतो त्यावर आमचा विश्वास बसला होता.

विरंगुळा म्हणून हे सोडून देऊ नका. कैदेत माणसाचं नाव जातं, तिथं नंबर येतो. केस जातात, कपडे जातात. मग उरतं काय? आपल्याला काय आठवतं, एवढंच. शार्लोतला सगळ्यात मोठी भीती स्मरणशक्ती जाण्याची होती. तिनं धडपडून 57 कविता आठवून काढल्या होत्या आणि एखादी निसटेल या धास्तीनं ती रोज त्या म्हणायची. नाटक पाठ करणं हा त्याच कामाचा पुढचा भाग. मी अजून मी आहे का, हे रोज सकाळी तपासून बघायचं.

आता सुटकेनंतरचं. इथं आपली एक समजूत आड येते. आपण म्हणतो, बोलून टाक, म्हणजे मोकळं वाटेल. मनात साठलेलं सांडपाणी असावं आणि मोरी उघडली की निचरा व्हावा, तसं. नाटकवाल्यांनाही हे फार आवडतं. रंगमंचावर कुणी ढसाढसा रडलं की आम्हाला वाटतं, झालं, माणूस बरा झाला.

तसं होत नाही. भयंकर प्रसंगातून गेलेल्या लोकांना लगेच एकदा एकत्र बसवून सगळं बोलायला लावायची एक पद्धत 1980 नंतर पुष्कळ ठिकाणी चालली. पुढं तिची नीट तपासणी झाली, तेव्हा फायदा दिसला नाही आणि काहींचा त्रास उलट वाढल्याचं आढळलं. नुसत्या सांगण्यानं जखम भरत नाही. कधी कधी खपली तेवढी निघते.

असं का, हे शार्लोतकडूनच समजून घेऊ. ती म्हणते, माझ्या दोन स्मृती आहेत. एक रोजची, विचारांची. तिच्यात तारखा, नावं, घटना लागतील तशा सापडतात आणि लोकांना सांगता येतात. दुसरी खोल, अंगातली. तिच्यात छावणी जशीच्या तशी आहे आणि भोवती एक जाड कातडं आहे. ते कातडं स्वप्नात फाटतं. मग तिला थंडी वाजते, तहान लागते, तीच तहान. तहानेचंच तिचं उदाहरण बघा. जागेपणी तिला तहान लागली की ती चहा करून घेते. तोंडातला शब्द 'तहान'च, पण ही ती तहान नव्हे. ऑशविट्झची तहान आठवताना तिला वेगळा शब्द हवा होता आणि भाषेत तो नव्हता.

1980 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आघातोत्तर ताणविकाराला अधिकृत निदान म्हणून जागा दिली. त्यातलं महत्त्वाचं लक्षण हेच आहे: आठवण बोलावल्याशिवाय येते, आणि आली की 'तेव्हा' राहत नाही, 'आत्ता' होते. साध्या आठवणीला सुरुवात असते, शेवट असतो. या आठवणीला शेवटच नसतो. नाटकाला मात्र शेवट असतो. साडेसातला सुरू झालं की साडेनऊला संपतं. या एका साध्या गोष्टीत नाटकाची सगळी ताकद आहे, असं मी मानतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गटाबरोबर काम करत असताना युद्धकैदेत राहून आलेला एक माणूस आमच्यात होता. तो स्वतःची गोष्ट सांगायचा, नीट, क्रमानं. फक्त किल्ल्यांच्या जुडग्याचा आवाज, या ठिकाणी आला की त्याचा उजवा हात मिटायचा आणि सुटायचाच नाही. मला दिग्दर्शक म्हणून ते विलक्षण वाटलं. मी म्हटलं, हे ठेवा, रोज असंच करा. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. माझी चूक मला तेव्हा कळली आणि ती आजही बोचते. त्याच्यावर जे येऊन आदळत होतं, ते मी प्रयोगासाठी वापरायला निघालो होतो.

चौथ्या दिवशी तो आला आणि म्हणाला, माझं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या, मी विंगेत उभा राहतो, किल्ल्या मी वाजवतो. आम्ही तसं केलं. पहिल्या तालमीत त्यानं त्या वाजवल्याच नाहीत. आम्ही सगळे थांबून राहिलो, कुणीही काही बोललं नाही. मग केव्हातरी त्यानं हलकेच एकदा जुडगा हलवला आणि मुठीत धरून आवाज बंद केला. पुन्हा हलवला, पुन्हा बंद केला. त्या दिवशी तेवढंच झालं. पण आवाज कधी होणार आणि कधी थांबणार, हे पहिल्यांदाच त्याच्या हातात आलं होतं.

उपचारांच्या जगातही या अंगानं जाणाऱ्या वाटा आहेत. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या पद्धतीत माणूस आपला प्रसंग पुन्हा पुन्हा सांगतो, समोर विश्वासाचा माणूस असताना, ठरलेल्या वेळात. चिलीमध्ये लष्करी राजवटीच्या काळात दोन मानसशास्त्रज्ञांनी छळ सोसलेल्यांच्या साक्षी ध्वनिमुद्रित केल्या, कागदावर उतरवल्या आणि सांगणाऱ्याबरोबर बसून दुरुस्त केल्या. 1983 साली हे काम त्यांनी टोपणनावांनी प्रसिद्ध केलं, राजवट अजून सत्तेवर होती ना! सोबत बसून मजकुराची काटछाट करणं, हे तर थेट आमच्या संहितावाचनासारखं. कुठं सुरू करायचं, काय गाळायचं, कुठं थांबायचं, हे ज्याचं सोसणं आहे तो ठरवतो.

शार्लोतनं काय ठरवलं ते पाहा. पहिलं पुस्तक तिनं 1946 सालीच लिहून ठेवलं आणि छापलं 1965 साली. जवळपास 20 वर्षं ते पडून होतं. लिहिलेलं टिकतं का, हे तिला बघायचं होतं. जिवंत परतलेल्यांना व्यासपीठावर ओढायची आपल्याला जी घाई असते, तिला या 20 वर्षांनी उत्तर दिलंय. पुढे तिनं नाटक लिहिलं, 'की राप्पोर्तरा से पारोल?', म्हणजे हे शब्द परत कोण नेणार? 1974 साली पॅरिसमध्ये त्याचा प्रयोग झाला. सगळी पात्रं स्त्रिया. छावणीचे पहारेकरी रंगमंचावर येतच नाहीत. ते दिसतात फक्त बघणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यांवर. छळ करणाऱ्याला तिनं आपल्या रंगमंचावर वीतभरही जागा दिली नाही, याला मी दाद देतो. फ्रांस्वाझ नावाची तिची नायिका सुरुवातीला जीव द्यायला निघालेली असते. मैत्रीण तिला अडवते: कुणीतरी परतायला हवं, सांगायला हवं. शेवटी सगळ्या बायकांतून दोघीच उरतात.

स्वतःची भूमिका शार्लोतनं स्वतः केली नाही. आत्मचरित्रात्मक नाटक म्हणजे ज्यानं सोसलं त्यानंच उभं राहायचं, असा एक हट्ट अलीकडे दिसतो. ज्याला ते झेपतं आणि हवंसं वाटतं, त्यानं जरूर उभं राहावं. पण आपलं दुःख दुसऱ्याच्या अंगावर, दुसऱ्याच्या आवाजात, चार पावलांवरून बघता येणं, ही सोय दुसऱ्या कुठल्या कलेत फारशी नाही. ती का सोडायची?

आणि हसण्याचं काय? राव्हेन्सब्रुकमध्येच जर्मेन तियों होत्या, मानववंशशास्त्रज्ञ. 1944 च्या शरदात मैत्रिणींनी त्यांना मालाच्या खोक्यात लपवलं आणि आत बसून त्यांनी एक संगीतिका लिहिली. तीत एक निसर्गशास्त्रज्ञ नवी सापडलेली जात म्हणून छावणीतल्या बायकांचं वर्णन करतो. चाली सगळ्यांना येत असलेल्या गाण्यांच्या, म्हणजे बराकीत कुणालाही गुणगुणता याव्यात. रंगमंचावर ती आली 2007 च्या जूनमध्ये, पॅरिसच्या शातले थिएटरात. तियोंनी नुकतीच वयाची 100 वर्षं पूर्ण केली होती.

राहिला प्रेक्षक. 2008 साली ब्रायन डोरीझ या दिग्दर्शकानं सान दिएगोमध्ये अमेरिकन मरीन सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसमोर प्राचीन ग्रीक नाटककार सॉफोक्लीझच्या दोन नाटकांतले प्रवेश नटांकडून वाचून घेतले. एक 'अजॅक्स'. भ्रमिष्ट झालेला योद्धा शत्रू समजून गुरं कापतो आणि भानावर आल्यावर जीव देतो. दुसरं 'फिलोक्टेटीझ'. पायाची जखम चिघळलेल्या सैनिकाला त्याचेच लोक ओसाड बेटावर टाकून जातात आणि तो दहा वर्षं तिथं एकटा अडकून पडतो. लिहिणारा सॉफोक्लीझ स्वतः अथेन्सचा सेनापती राहिलेला होता. वाचनानंतर चर्चेसाठी जेमतेम पाऊण तास राखून ठेवला होता. एका सैनिकाची बायको उठली आणि बोलू लागली: नवरा चार वेळा युद्धावर गेला, आणि दर वेळी अजॅक्ससारखा, कुणाला न दिसणारी प्रेतं ओढत घरात आला. मग दुसरं कुणी उठलं, मग तिसरं. तीन तास उलटले तरी बोलायला उभे राहणारे थांबले नव्हते.