विरार लोकलवरचं तीर्थ: सोपाऱ्याचा स्तूप

नमस्कार मंडळी, नमो बुद्धाय! माझ्या मागे हा विटांचा उंचवटा दिसतोय ना, तो सोपाऱ्याचा स्तूप. बोधगयेला जायचं म्हणून आपण महिनोन् महिने आधी तिकिटं काढतो आणि विरार लोकलवरच्या या तीर्थाकडे मात्र फिरकत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक, कोकणातलं नावाजलेलं बंदर. इथलाच व्यापारी पूर्ण पुढे भिक्खू झाला. तो आपल्या मुलखात धम्म सांगायला निघाला, तेव्हा बुद्धांनी विचारलं, "तिथली माणसं तापट. शिव्या दिल्या तर?" पूर्ण म्हणाला, "हात उगारला नाही, म्हणजे भलीच." हात उगारला तर? दगड नाही मारले, म्हणजे भलीच! अगदी जिवावर बेतेपर्यंतचे प्रश्न झाले, पण पूर्ण ढळला नाही.

आता इथे बघा, अगदी मधोमध. गावकरी या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. 1882 साली पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं आणि आत दगडी पेटी मिळाली. पेटीत आठ कांस्य बुद्धमूर्ती आणि त्यांच्या मधे तांब्याचा करंडक. त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या करंडकात काय, तर मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे! बुद्धांच्या भिक्षापात्राचे, अशी श्रद्धा. एवढं सोनं-चांदी कशासाठी, तर भिक्षेच्या वाडग्यासाठी. मला तर हे सांगतानाही भरून येतं.

त्याच साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्या लेखाचा विषय कोणता? तीर्थयात्रा! पूर्वीचे राजे शिकारीला निघायचे. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर अशोक बोधगयेला गेला आणि तिथून धम्मयात्रा सुरू झाल्या. म्हणजे यात्रेला निघा, हे ज्या दगडावर कोरलं, तो दगड आपल्या दाराशी होता.

यायचं कसं? नालासोपारा स्टेशनला पश्चिमेला उतरा, रिक्षावाल्याला सोपारा गावातला बुद्ध स्तूप सांगा. चपला बाहेर काढा, स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घाला. विटांवर चढू नका आणि मेणबत्ती थेट विटेवर लावू नका. मेण विटेत मुरलं की निघत नाही. करंडक मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत. अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा 1956 साली जवळच्या भुईगावात सापडला, तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बघा. बुद्धपौर्णिमेला इथे गर्दी असते. निवांत बसायचं असेल तर एरवीची सकाळ निवडा.