हेडलाइटमधलं पाणी काढायच्या आधी ते आलं कुठून ते पाहा

श्रोतेहो, नमस्कार. आज गाडीच्या हेडलाइटबद्दल बोलू. पावसाळा लागला की काचेला आतून वाफ धरते, मग थेंब साचतात, अन् ते वाळले की पांढरे डाग राहतात, त्याबद्दल. विषय लहान वाटेल, पण रात्री गावाकडच्या रस्त्यानं गाडी चालवणाऱ्याला विचारा, कापसाची ट्रॉली बिना लाइटची उभी असते, मधेच रोही, म्हणजे नीलगाय, आडवा येतो, रानडुकरं निघतात, अन् अशा टायमाला उजेड जर आतल्या थेंबांवर फुटून पसरला तर आपल्याला पुढचा खड्डा दिसत नाही अन् समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात मात्र सगळी झगमग जाते.

बरेच जण समजतात की हेडलाइट म्हणजे पॅकबंद डब्बा. तसं नाही. ती श्वास घेते. मागच्या बाजूला तिला छोट्या नळ्या नाहीतर जाळीसारखे पडदे असतात, ब्रीदर म्हणतात त्याला. बल्ब तापला की आतली हवा फुगते अन् ब्रीदरमधून बाहेर जाते, बल्ब बंद झाला की हवा आकसते अन् बाहेरची हवा आत ओढली जाते. आता विचार करा, गाडी दिवसभर उन्हात तापली, संध्याकाळी एकदम सर आली, काच थंड पडली, तर आतल्या हवेतली ओल काचेवर धरणारच, थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून दव धरतं तसंच हे. म्हणून सकाळी काचेच्या कोपऱ्यात हलकी वाफ दिसली अन् लाइट लावून थोडा वेळ गाडी चालवल्यावर निघून गेली तर काहीच करू नका. लोक येतात अन् म्हणतात, "भाऊ, शोरूमवाले म्हणते हे नॉर्मल हाय, टाळून राहिले मले." वाफ निघून जात असेल तर ते खरंच बोलून राहिले. पण मोठे थेंब ओघळत असतील, तळाशी पाणी हलताना दिसत असेल, तर मात्र पाणी कुठून तरी घुसून राहिलं हे पक्कं समजा.

अन् इथंच लोक घाई करतात. हेअर ड्रायर आणला, वाळवलं, झालं. पुढच्या पावसात पाणी पुन्हा हजर. आधी वाट शोधा. माझ्या पाहण्यात तरी सगळ्यात जास्त वेळा चोर निघतो तो बल्बमागचा रबरी बूट, म्हणजे बल्बच्या मागच्या भोकावर बसणारं रबराचं टोपण. आपल्याकडं अकोला, चंद्रपूरकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यात बोनेटखालची गरमी, रबर कडक होतं, कडा चिरतात. त्यात कंपनीचा बल्ब असतो 60/55 वॉटचा अन् लोक बसवतात 100/90 चा, मग होल्डर वितळतो, रबर जळतं. दुसरी गोष्ट, बाहेरून आणलेले एलईडी बल्ब. त्याच्या मागं पंखा असतो, बूट त्याच्यावर बसत नाही, मग मिस्त्री बूट काढून डिक्कीत टाकतो अन् मागचं भोक उघडं राहतं. पाणी, धूळ, किडे, सगळं आत. वरून एलईडीची गरमी पुढं काचेकडं कमी अन् मागं जास्त जाते, म्हणजे हॅलोजननं, आपल्या साध्या बल्बनं, जी ओल आपोआप सुकायची तीही सुकत नाही. एलईडी लावायचा असेल तर मागं टोपण नीट बसते का हे आधी पाहा, बसत नसेल तर लावूच नका, इतकं मी स्पष्ट सांगतो.

बूट चांगला असेल तर मग ब्रीदर पाहा, चिखलानं बुजला का. काही जण पाणी शिरू नये म्हणून ब्रीदरलाच सीलंट मारून टाकतात, हे अगदी उलटं काम आहे, श्वासाची वाट बंद केली की हवा सांध्यातून ओढली जाते अन् सोबत पाणीही. तसंच तळाला ड्रिल मारून भोक पाडणं. पाणी निघून जातं हे खरं, पण आपल्या कच्च्या रस्त्याची धूळ त्याच भोकातून आत जाते अन् रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड पुढं फेकणारा आतला चमकता भाग, कायमचा मेला.

आता वाळवायचं कसं. लाइट बंद, बल्ब थंड होऊ द्या, कपलर, म्हणजे बल्बमागची वायरची पिन, काढा, बूट काढा, बल्ब काढा. बल्बच्या काचेला बोट लावू नका, हाताचं तेल लागलं की तेवढी जागा जास्त तापते अन् बल्ब लवकर जातो. जमलं तर अख्खी हेडलाइट बाहेर काढा, भोक खाली करून पाणी निथळू द्या. मग ड्रायर कमी गरमीवर, वीतभर अंतरावरून, हात हलता ठेवून. हीट गन नको म्हणजे नको, ती 300 अंशांच्या वर जाते अन् काच म्हणतो ते खरं तर पॉलीकार्बोनेट प्लास्टिक आहे, 147 अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात ठेवलं तरी चालतं, फक्त काचेचं तोंड सूर्याकडं करू नका, भिंगवाल्या प्रोजेक्टर लाइटमध्ये ऊन एका जागी गोळा होऊन आतलं प्लास्टिक वितळतं. पायात घालायच्या नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी येते ना, ती दोऱ्याला बांधून एक रात्र आत सोडा, सकाळी आठवणीनं ओढून घ्या.

डागांचं मात्र वेगळं आहे. पाणी उडून जातं, त्यातला क्षार काचेवर राहतो, तोच पांढरा डाग. पूर्णेच्या खोऱ्यातल्या लोकांना हे सांगायला नको, अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा, तिथं बोअरच्या पाण्यानं बादली पांढरी पडते, त्याच पाण्यानं वॉशिंग सेंटरवर प्रेशर मारला अन् सांध्यातून आत गेलं तर डाग पडणारच. म्हणून प्रेशरची नळी हेडलाइटच्या कडेला जवळून लावू देऊ नका. आतले डाग काढायला बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात क्षार नसतो. थोडं आत ओता, हळू खळखळवा, काढून टाका, पाणी स्वच्छ निघेपर्यंत करा, मग पूर्ण वाळवा. हे फक्त साध्या बल्बवाल्या लाइटला, ज्यात एलईडीचं सर्किट किंवा मोटर आत आहे तिथं पाणी ओतायचं नाही. चिवट डाग असेल तर वाकवलेल्या तारेला मऊ मायक्रोफायबर गुंडाळून फक्त काच पुसा. चांदीसारख्या चमकत्या रिफ्लेक्टरला हातही लावू नका, तो अ‍ॅल्युमिनियमचा इतका पातळ थर असतो की घासला की निघालाच, लिंबू, व्हिनेगर तर दूरच ठेवा. अन् थिनर, पेट्रोल काचेवर नको, प्लास्टिकला बारीक तडे जातात.

सांध्याला चीर दिसली तर सिलिकॉन भरता येतं, पण दुकानात न्यूट्रल सिलिकॉन मागा. साधं सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते आतल्या थराला खातं. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र स्वतः काही उघडू नका, थेंब दिसताना मोबाइलवर फोटो काढा अन् सर्व्हिसला दाखवा.

परत बसवताना बुटावर बहुतेक वेळा टॉप लिहिलेलं असतं, ती बाजू वर, अन् कडा चारही बाजूंनी बोटानं दाबून घ्या. हेडलाइट काढली होती तर गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर उभी करून डिपर लावून पाहा, दोन्हीकडचा उजेड सारख्या उंचीवर पडतो का, नाही पडला तर मागच्या स्क्रूनं जुळवूनच रस्त्यावर निघा.