गोट्याला घेऊन कुडाळला

नमस्कार मंडळी. मे महिना लागला की आमच्या घरात दरवर्षी एकच वाद, गावाला जायचं हे तर ठरलेलंच असतं, कुडाळजवळ माझं सासर आहे, तिकडे आंबे फणस सगळं तयार, पण गोट्याचं काय करायचं? गोट्या म्हणजे आमचा कुत्रा. ब्रीड विचाराल तर अस्सल गावठी, सिंहगड रोडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐन पावसात सापडलेलं पिल्लू, आता चार वर्षांचं आणि १८ किलोचं धूड झालंय.

एकदा त्याला बोर्डिंगला ठेवून बघितलं. माणसं वाईट नव्हती हो, पण हा पठ्ठ्या तीन दिवस नीट जेवला नाही आणि भुंकून भुंकून आवाज बसवून घरी आला. मग रेल्वेची चौकशी केली, तर तिथे एकतर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे बुक करा नाहीतर गार्डाच्या डब्यात कुत्र्यासाठी पेटी असते त्यात ठेवा. म्हणजे हा एकटा त्या अंधाऱ्या पेटीत आणि आम्ही दहा डबे पलीकडे, म्हणलं नको, आपली गाडीच बरी. तर आता तीन वर्षं झाली, आम्ही त्याला गाडीतूनच नेतो, पुण्याहून कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली आणि खाली सावंतवाडीवरून कुडाळ, चारशे किलोमीटरच्या आसपास होतात. नवरा आधी फुशारकी मारायचा की मी साडेआठ तासात पोचवतो. आता अकरा लागतात, कधी बारा. आणि माझं आजचं सांगणं तसं एवढंच आहे, कुत्रं बरोबर घेतलंत ना, की त्या दिवशी घड्याळ त्याचं, आपलं नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी खुशाल बोर्डिंग शोधावं, त्यात काही कमीपणा नाही.

पहिल्या वर्षी आम्ही काय केलं, निघायच्या दिवशी सकाळी त्याला उचलला आणि मागच्या सीटवर टाकला. आता बघा, तोवर गोट्या आयुष्यात गाडीत कशाला बसला होता तर फक्त इंजेक्शनला. त्याच्या डोक्यात गाडी म्हणजे डॉक्टर, दुसरं काही नाहीच. वर मी, प्रवासात उपाशी कशाला म्हणून निघताना वाडगाभर दूध चपाती खायला घातलेली. शिरवळपर्यंत तोंडातून नुसती लाळ गळत होती, मला वाटलं उकडतंय त्याला, पण लाळ गळणं, सारखी जांभई देणं, ओठ चाटत बसणं हे सगळं मळमळीचं असतं हे मला तेव्हा कुठे माहीत. खंबाटकीच्या तिसऱ्या का चौथ्या वळणाला ते सगळं दूध चपाती बाहेर आलं, सीटबेल्टच्या खाचेत गेलेलं दूध काय वास मारतं हे ज्याने काढलंय त्यालाच माहीत, पुढे महिनाभर गाडीत कोणी बसलं की आधी काच खाली करायचं.

दुसऱ्या वर्षी शहाणे झालो. महिनाभर आधी सुरुवात केली. पहिले चार दिवस गाडी बंद, आम्ही दोघं मागच्या सीटवर नुसते बसायचो, तो आणि मी, चपातीचे तुकडे खात. वॉचमनला वाटलं मॅडम घरी भांडून आल्यात. मग सोसायटीच्या गेटपर्यंत, मग खडकवासल्यापर्यंत, तिथे उतरून हुंदडायला, की याला कळायला लागलं की गाडी दरवेळी सुईकडेच नेते असं नाही. आता किल्ली वाजली की दारात उभा असतो.

खाण्याचं म्हणाल तर मोठ्या कुत्र्याला आदल्या रात्री पोटभर, सकाळी निघताना काही नाही, आणि मधे मोठा हॉल्ट असेल तिथे थोडासा दहीभात. हे धडधाकट मोठ्या कुत्र्याचं सांगतेय हं, लहान पिल्लांना असं उपाशी ठेवायचं नाही, त्यांचं डॉक्टरांना विचारा. पाणी मात्र दर थांब्याला, थोडं थोडं. साधारण किलोमागे ५०-६० मिली दिवसाला लागतं, म्हणजे आमच्या गोट्याला लिटरभर, उन्हाळ्यात जास्तच. उलटीची गोळी द्यायची झाली तर डॉक्टरांनी वजन बघून दिलेलीच द्यायची, आपल्या पर्समधली नाही. आणि आपलं अंग दुखतं तेव्हा आपण घेतो ती आयबुप्रोफेन वगैरे तर अजिबातच नाही, कुत्र्याच्या पोटाची आणि किडनीची वाट लागते त्याने.

डॉक्टरांकडे निघायच्या आठवडाभर आधीच जाऊन यायचं. रेबीजची लस तारखेत आहे ना, आणि लेप्टोची, ती लोक विसरतात. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, तो पसरतो उंदराच्या मुतातून, साचलेल्या पाण्यातून, चिखलातून, आणि कोकणात या सगळ्याला तोटा नाही. गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध मिळतं ते. लसींचं पुस्तक डॅशबोर्डच्या खणात ठेवायचं, गाडीच्या कागदांबरोबर.

आता पट्ट्याचं सांगते, कारण माझ्या डोळ्यासमोरून ते अजून जात नाही. कऱ्हाडच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो होतो, दुसऱ्याच वर्षी, चहाला. गळ्यात साधा पट्टा, त्याला दोरी, दोरी माझ्या हातात. दार उघडलं, गोट्या खाली उतरला आणि तेवढ्यात मागून ट्रकने हॉर्न मारला, तो कर्कश्श सुरावटीचा असतो ना, तो. गोट्या मागे सरकला, मी दोरी ओढली, त्याने मान खाली घातली आणि पट्टा सोललेल्या केळ्यासारखा डोक्यावरून निघून माझ्या हातात. तो मोकळा. समोर चार पदरी हायवे. मी पळणार होते त्याच्या मागे, पण ढाब्यावर भाकऱ्या थापणाऱ्या एक मावशी होत्या त्या जागेवरनंच ओरडल्या, "पळू नगा ताई, खाली बसा, खाली!" मी तशीच खडीवर बसले फतकल मारून, त्याच्याकडे पाठ करून, आणि गोट्या गोट्या करायच्या ऐवजी पर्समधलं बिस्किटाचं पाकीट फाडलं. नुसता आवाज. ते दहा सेकंद का अर्धा मिनिट, काय माहीत, माझ्या कानात फक्त ट्रकचे टायर होते. मग हाताला ओलं नाक लागलं. नंतर मावशींनी सांगितलं की कुत्र्यामागे पळलं की त्याला खेळ वाटतो नाहीतर भीती, दोन्ही वेळी ते पुढेच पळतं. चहा त्यांनी पैसे न घेता दिला आणि मला तो पिता येईना एवढा हात थरथरत होता.

तेव्हापासून हार्नेस. छातीवरून आणि काखेतून जातो तो, मापाचा आणि नीट आवळलेला असला तर मागे सरकून सहज निघत नाही. शिवाय गळ्यात पट्टा वेगळा, त्यावर माझा फोन नंबर कोरलेला बिल्ला. आणि नियम असा की दोरी हातात गुंडाळल्याशिवाय गाडीचं दार कोणी उघडायचं नाही, टोलनाक्यावर काच खाली करायची तीसुद्धा गोट्या क्लिपमध्ये आहे बघून. सीटबेल्टच्या खाचेत बसणारी छोटी क्लिप मिळते, ती हार्नेसला लावायची, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही, ब्रेक दाबला तर मानेला हिसका बसतो. आणि मोकळा ठेवला तर? १८ किलोचं पोतं मागून आपल्या डोक्यावर येईल, त्याचंही मरण आपलंही. मांडीवर कुत्रं घेऊन गाडी चालवणारे भेटतात हायवेला, त्याचं डोकं खिडकीबाहेर, वाऱ्यावर कान उडतायत, बघायला मस्त वाटतं, पण धूळ खडे डोळ्यात जातात, आणि आमच्या गोट्याने तर एकदा आंबोलीत माकडं बघून दारावर पाय दिला तो नेमका काचेच्या बटनावर, काच झर्रकन खाली. क्लिप होती म्हणून. मागच्या काचांचं बटन लॉक करता येतं, ते करा निघतानाच.

उन्हाचं मात्र जरा थांबून ऐका. आम्ही पहाटे साडेचारला निघतो ते यासाठीच, की कोल्हापूर ऊन चढायच्या आत गाठता यावं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तळव्याला येतो थोडाफार, बाकी सगळी मदार जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. आणि उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटात साधारण दहा डिग्री वाढतात, म्हणजे बाहेर ३५ असेल तर आत ४५, काच दोन बोटं उघडी ठेवलीत तरी फार फरक पडत नाही. मागच्या वर्षी एका हॉटेलसमोर असाच एक लॅब्रेडोर बघितला, आत कोंडलेला, जीभ लांबलचक, डोळे लाल. आत जाऊन मी मोठ्याने विचारलं पांढरी गाडी कोणाची, तर मिसळ खाणारे एक काका म्हणाले आत्ता तर एसी बंद केलाय. आत्ता म्हणजे मिसळ अर्धी संपली होती! आले बिचारे धावत, नंतर खजील झाले. असं झालंच तर सावलीत न्या, साधं नळाचं पाणी पोटावर, काखेत, पायावर ओता, वारा घाला, पाजायची जबरदस्ती करू नका आणि तडक जवळचे जनावरांचे डॉक्टर गाठा. पग, बुलडॉग असली चपट्या नाकाची असतील तर त्यांना दुप्पट जपा, खरं तर मे महिन्यात नेऊच नका. आमच्याकडे जेवायला पाळी असते, एक आत जेवतो एक बाहेर झाडाखाली गोट्याबरोबर. हॉटेलवाले आत घेत नाहीत म्हणून मी आधी चिडायचे, आता नाही चिडत, लोकांच्या ताटाजवळ कुत्रं कशाला.

गावात पोचलो की वेगळाच ताप. सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी बजावलं, "रातचो तेका भायर ठेव नको गो, वाघ व्हरतलो." वाघ म्हणजे बिबट्या. आणि ही घाबरवायची गोष्ट नाही, बिबट्याला कुत्रं सोपी शिकार, वाडीतली कुत्री खरंच गेलीत. त्यामुळे काळोख पडला की गोट्या घरात, रात्री शू ला न्यायचं तर दोघांनी, बॅटरी घेऊन, दोरीला धरून. दिवसा लक्ष ठेवायचं ते आंब्याच्या कोयींवर. चोखून टाकलेली कोय कुत्रं अख्खी गिळतं, ती आतड्यात अडकली की ऑपरेशन. कांदाभजी, माशाचे शिजवलेले काटे, मनुका घातलेला शिरा, काही नाही द्यायचं, पाहुण्यांना हात जोडून सांगायचं. आणि रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली हात फिरवून गोचीड बघायची. दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची, रॉकेल फिकेल लावायचं नाही. घरी आल्यावर दोनतीन आठवड्यात खाणं टाकलं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर डॉक्टरांना सांगायचं की कोकणात जाऊन आलोय, रक्त तपासा.

हं, त्या ढाब्याचं राहिलं. परतताना मी मुद्दाम तिथे थांबायला लावलं, मावशींसाठी आंब्याची पेटी आणली होती. हार्नेस बघितला, दोरी हाताला दोन वेढे, मग दार उघडलं. गोट्या उतरेना. सीटवर पुढचे दोन पाय रोवून बसला, ढाब्याकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिला. मी पण नाही ओढला. मावशीच भाकरीचा तुकडा घेऊन गाडीपाशी आल्या, पीठ लागलेल्या हाताने त्याला भरवला, आणि आम्ही सगळ्यांनी चहा गाडीतच घेतला.