हत्ती द्यायचा राहिला

नमस्कार मंडळी. आज बुद्धिबळाबद्दल बोलायचंय, आणि तेही मी हरलेल्या डावाबद्दल. रेडिओवर पट दाखवता येत नाही, त्यामुळे घरात पट असेल तर काढा, नसेल तर सी ३ आणि ई ४ ही दोन घरं तेवढी लक्षात ठेवा, बास.

सदाशिव पेठेतल्या एका हॉलमध्ये स्पर्धा होती, ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद वाढीव. समोर एक रिटायर्ड काका, पांढरी मोहरी त्यांची. मी सिसिलियन खेळलो, म्हणजे काळ्याची एक नावाजलेली सुरुवात, त्यातला नायडॉर्फ हा प्रकार. त्यांनी राजा वजिराच्या बाजूला नेला, कॅसलिंग करून, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून.

मला एक सवय आहे, चाल लिहिली की शेजारी उरलेली मिनिटं पण लिहायची. नियमात चालतं ते. घरी येऊन कागद बघितला तर १२ व्या चालीला ७१ मिनिटं, १३ व्या चालीला ४५. म्हणजे एका चालीवर २६ मिनिटं! आणि खेळलो काय, तर कॅसलिंग, जे शाळेतलं पोरगं दोन मिनिटांत खेळलं असतं. त्या २६ मिनिटांत मी एकच गोष्ट घोळवत होतो, हत्ती देऊन सी ३ वरचा घोडा मारायचा का. सिसिलियनमधलं हे जुनं हत्यार. पण त्यांचं एफ ३ वरचं प्यादं ई ४ वरच्या प्याद्याला आधार देत होतं, म्हणून मी ठरवलं की नाही जमत. बरोबरच ठरवलं, इंजिन, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, पण तेच म्हणतंय.

गंमत पुढे आहे. ३१ व्या चालीला काकांनी ते प्यादं एफ ४ वर ढकललं. ई ४ चा आधार गेला! आता हत्तीने घोडा मारा, त्यांनी प्याद्याने घ्या की वजिराने घ्या, माझा घोडा ई ४ वर येऊन थेट वजिरावर. माझ्याकडे दोन मिनिटं होती, हे दिसायला दोन मिनिटं पुष्कळ झाली हो. पण मी हिशोबच केला नाही, डोक्यात १३ व्या चालीचा निकाल पडून होता, 'हत्ती देणं जमत नाही', तोच उचलला आणि राजा उगाच कोपऱ्यात सरकवला. घड्याळ कमी असलं की माणूस नवीन विचार करत नाही, जुनेच निकाल वापरतो, असं माझं मत झालंय.

आणि हे फक्त आपल्यासारख्यांचं होतं असं नाही बरं का. २०१४, सोची, जागतिक अजिंक्यपद, सहावा डाव. विश्वनाथन आनंदविरुद्ध जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनने २६ व्या चालीला राजा डी २ वर नेला, भयंकर चूक. आनंदने घोड्याने ई ५ वरचं प्यादं खायचं, पांढऱ्याने हत्ती मारला की तोच घोडा शह देत सी ४ वरचं दुसरं प्यादं खातो, परत एक शह, मग हत्तीचा हिशोब चुकता. दोन प्यादी फुकट! कार्लसनला स्वतःला लगेच कळलं होतं. आनंदला वेळेची चणचण नव्हती, पण त्याने ठरवल्याप्रमाणे प्यादं ए ४ वर ढकलून टाकलं आणि डाव गेला. भेट मिळेल असं वाटतच नसेल तर कधीकधी आपण ती घेत नाही, असं काहीसं तो नंतर म्हणाला होता.

इंजिन सांगतं चाल चुकली, किती चुकली. का चुकली ते मात्र समोरच्याशी बोलूनच कळतं, म्हणून डाव संपल्यावर काकांना घेऊन अमृततुल्यात गेलो. खिशातला छोटा पट काढून ३१ वी चाल लावली. म्हटलं, "काका, इथे हत्ती दिला असता तर?"

काका हसायला लागले. "अरे, प्यादं ढकललं आणि लगेच दिसलं मला. तोंडावर कळेल तुला म्हणून खाली वाकून बुटाची लेस बांधत बसलो. सुटली नव्हतीच ती."