सामना रद्द झाला की पैसा कुठे अडतो

मंडळी, आपल्याकडे 2020-21 च्या हंगामात रणजी करंडक झालाच नाही. 1934-35 पासून चालत आलेल्या स्पर्धेत पहिल्यांदाच खंड पडला. खेळाडूंचं मानधन बुडालं, पंच-गुणलेखकांचे हाल झाले. पण क्रिकेट मंडळाची तिजोरी रणजीवर चालत नाही. ती चालते आयपीएलवर, आणि 2020 ची आयपीएल अमिरातीत नेऊन उरकली होती. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये अशी सोय नाही. तिथे कॉलेजच संघाचं मालक, कॉलेजच तिकीट विकणारं आणि कॉलेजच कर्ज फेडणारं. म्हणून तिथलं वेळापत्रक म्हणजे नुसती तारखांची यादी नव्हे. प्रत्येक तारखेमागे कुणाचं तरी येणं आणि कुणाचं तरी देणं असतं. कोरोनाच्या महामारीत ही देणीघेणी कशी उलगडत गेली, तेवढंच आज पाहायचं आहे.

आधी पैशाचा मोठा नळ पाहू. एनसीएए ही तिथल्या कॉलेज क्रीडेची शिखर संस्था. तिच्या वरच्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, साडेतीनशेच्या आसपास संघ आहेत. मार्च महिन्यात त्यातल्या 68 पुरुष संघांची बाद पद्धतीची स्पर्धा होते. सीबीएस आणि टर्नर या दूरचित्रवाणी कंपन्यांनी 2010 मध्ये तिच्या प्रक्षेपणासाठी 14 वर्षांचा 1,080 कोटी डॉलरचा करार केला आणि 2016 मध्ये आणखी 880 कोटी डॉलर मोजून तो 2032 पर्यंत वाढवला. एनसीएएच्या उत्पन्नाचा सिंहाचा वाटा या तीन आठवड्यांतून येतो. आता 12 मार्च 2020 आठवा. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सेंट जॉन्स आणि क्रेटन यांचा सामना मध्यंतरालाच थांबवला, आणि त्याच दुपारी एनसीएएने पुरुषांची आणि महिलांची, दोन्ही स्पर्धा रद्द केल्या. पुढे ढकलल्या नाहीत, रद्द केल्या.

परिणाम दोन आठवड्यांत कागदावर आला. डिव्हिजन वनला त्या वर्षी 60 कोटी डॉलर वाटायचे ठरले होते. प्रत्यक्षात वाटले 22.5 कोटी. त्यातले 5 कोटी गंगाजळीतून काढले. स्पर्धा रद्द झाल्यास मिळणारा विमा होता 27 कोटींचा. पण विम्याचा दावा मंजूर व्हायला वेळ लागतो आणि कॉलेजांना पैसे हवे होते जूनमध्ये. म्हणून मधल्या काळापुरतं बँकेचं कर्ज उचललं आणि विम्याच्या पैशातून ते फेडायचं ठरलं. एनसीएएचं वार्षिक उत्पन्न सुमारे 110 कोटींवरून 52 कोटींच्या घरात आलं. विमा असूनही एवढा खड्डा का पडला? कारण विम्याची रक्कम स्पर्धेच्या पूर्ण किमतीएवढी कधी नव्हतीच. आणि नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा विमा कंपन्या संसर्गजन्य रोग कलमातून वगळू लागल्या होत्या. थोडक्यात, 2021 ची स्पर्धा काहीही करून खेळवणं भाग होतं. पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीच्या उजेडात वाचावेत.

हे पैसे कॉलेजपर्यंत पोहोचतात कसे? एक वाट म्हणजे ‘युनिट’. स्पर्धेत संघाने खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे (अंतिम सामना सोडून) त्याच्या कॉन्फरन्सला, म्हणजे तो ज्या कॉलेजांच्या गटात खेळतो त्या गटाला, एक युनिट मिळतं. त्या काळात एका युनिटची किंमत वर्षाला सुमारे 2.8 लाख डॉलर होती आणि ती सहा वर्षं मिळत राहते. म्हणजे एक सामना जवळपास 17 लाखांचा. कॉन्फरन्स ते आपल्या सदस्यांत वाटते. लहान कॉन्फरन्सचा एखादा संघ दोन फेऱ्या जिंकला की सगळ्या शेजाऱ्यांचं सहा वर्षं भागतं. 2020 मध्ये सामनाच नाही, तर नवं युनिट कुठून येणार? महिलांच्या स्पर्धेला तर तेव्हा युनिटचा पैसाच नव्हता. तो अन्याय वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता वेळापत्रकाकडे या. कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम दोन तुकड्यांत असतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कॉन्फरन्सबाहेरचे सामने, जे कॉलेजं एकमेकांशी करार करून ठरवतात. आणि मग मार्चपर्यंत कॉन्फरन्सचे, जे कॉन्फरन्स कार्यालय आखून देतं. सप्टेंबर 2020 मध्ये एनसीएएने नवे नियम काढले: हंगाम 10 नोव्हेंबरऐवजी 25 नोव्हेंबरला सुरू, जास्तीत जास्त 27 सामने, आणि स्पर्धेसाठी पात्र व्हायला किमान 13. तारीख 25 च का? तोवर बहुतेक कॉलेजांनी सत्र आटोपून विद्यार्थी घरी पाठवलेले असणार होते. वसतिगृहं रिकामी, म्हणजे खेळाडूंभोवती आयतं कुंपण.

कुंपण टिकलं नाही, आणि ते का टिकलं नाही हे साध्या हिशेबात दिसतं. खेळाडू, प्रशिक्षक, फिजिओ असे मिळून तीसेक माणसं ‘टिअर वन’, म्हणजे संघाचं सगळ्यात आतलं वर्तुळ, धरली जात. आठवड्यात तीन दिवस, लागोपाठ नसलेल्या दिवशी, त्यांची चाचणी. एक जण बाधित निघाला की सरावात त्याच्या निकट आलेले सगळे विलगीकरणात. बास्केटबॉलमध्ये निकट न आलेला खेळाडू शोधून सापडत नाही. विलगीकरण सुरुवातीला 14 दिवसांचं होतं. कॉन्फरन्सच्या काळात आठवड्याला दोन सामने असतात, म्हणजे चार सामने तिथेच गेले. बाहेर आलेल्या मुलांना थेट मैदानात उतरवलं तर स्नायू दुखावतात, म्हणून आणखी तीन-चार दिवस सराव, म्हणजे पाचवा सामना गेला. शिवाय त्या पाच सामन्यांतले पाच प्रतिस्पर्धी ठणठणीत असूनही घरी बसले. दहा संघांच्या कॉन्फरन्समध्ये दुहेरी साखळीचे 90 सामने असतात. दोन संघ पाठोपाठ आजारी पडले तरी दहा सामन्यांना नव्या तारखा शोधाव्या लागतात. त्याही कुठून? दोन्ही संघ मोकळे हवेत, मैदान मोकळं हवं, पंच हवेत आणि दूरचित्रवाणीवर जागा हवी.

कॉन्फरन्स कार्यालयांनी यावर काढलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. बिग स्काय आणि इतर काही कॉन्फरन्सनी एकाच मैदानावर त्याच दोन संघांचे लागोपाठ दोन सामने लावले. एक प्रवास, एक हॉटेल, चाचण्यांची एकच फेरी, दोन सामने. हंगामाअखेरचा आठवडा कोरा ठेवून राहिलेले सामने त्यात ढकलले. क्रमवारी विजयांच्या संख्येऐवजी विजयाच्या टक्क्यांवर लावली, कारण कुणी 18 खेळले होते तर कुणी 12. आयव्ही लीग या कॉन्फरन्सने मात्र 12 नोव्हेंबर 2020 लाच हिवाळी हंगाम रद्द केला. स्थानिक प्रशासनाचा फटका वेगळाच: सांता क्लारा काउंटीने संपर्काचे खेळ बंद केल्यावर स्टॅनफर्डच्या संघाला आपलं मैदान सोडून सांताक्रूझला बिऱ्हाड न्यावं लागलं. माउईची प्रसिद्ध स्पर्धा हवाईऐवजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलला झाली. गोन्झागा आणि बेलर हे देशातले दोन अव्वल संघ 5 डिसेंबरला इंडियानापोलिसमध्ये पोहोचले होते. सामना सुरू व्हायला दीडेक तास उरला असताना तो रद्द झाला.

गोन्झागा-बेलरला त्याने फारसं काही झालं नाही. खरी मार बसली ती ‘बाय गेम’वर जगणाऱ्यांना. बाय गेम म्हणजे मोठ्या कॉलेजने लहान कॉलेजला आपल्या घरी येऊन खेळण्यासाठी दिलेली बिदागी, साधारण 75 हजार ते 1 लाख डॉलर. मोठ्याला घरच्या प्रेक्षकांसमोर हमखास विजय मिळतो. लहान संघ हरतो आणि धनादेश घेऊन घरी जातो. समजा एका लहान कॉलेजने 90 हजारांचे आठ सामने घेतले: 7 लाख 20 हजार डॉलर. एवढ्यात प्रशिक्षकांचे पगार आणि प्रवास निघतो, वर क्रीडा विभागालाही हातभार लागतो. 2020 मध्ये मोठ्यांच्या स्टेडियमची दारंच प्रेक्षकांना बंद. तिकीट नाही, पार्किंग नाही, खाद्यपदार्थांची विक्री नाही, तर बिदागी कशातून द्यायची? त्यांनी कॉन्फरन्सचे सामने वाढवले आणि बाय गेम कापले.

लहान कॉलेज करार दाखवायला गेलं तर तिथे ‘फोर्स मेज्योर’चं कलम. महापूर, युद्ध, सरकारी आदेश अशा आटोक्याबाहेरच्या कारणाने सामना न झाल्यास कुणी कुणाचं देणं लागत नाही. पण संघ निरोगी आहे, सरकारने बंदी घातलेली नाही, फक्त प्रेक्षक नाहीत, हे ‘आटोक्याबाहेरचं’ का? बऱ्याच जुन्या करारांत याचं उत्तरच नव्हतं. आणि खटला भरून पुढच्या वर्षीचं आमंत्रण कोण घालवणार? म्हणून बहुतेकांनी मुकाट्याने सामना पुढच्या हंगामात नेला. तुटीचं वर्ष मात्र तुटीचंच राहिलं.

वर चाचण्यांचा खर्च. तीस माणसं, आठवड्याला तीन चाचण्या, एकीचे 100 डॉलर धरा: आठवड्याला 9 हजार, 16 आठवड्यांचे 1 लाख 44 हजार. म्हणजे दीड बाय गेमची बिदागी नाकात काडी घालण्यातच गेली, तीही एकाच संघाची.

मार्च 2021 ची स्पर्धा एनसीएएने संपूर्ण इंडियाना राज्यात भरवली. सहा मैदानं, ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये दोन कोर्ट. हॉटेलं कन्व्हेन्शन सेंटरला बंद पुलांनी जोडलेली, म्हणून संघांना रस्त्यावर पाय ठेवायची गरज नाही. येण्याआधी सलग सात दिवस निगेटिव्ह चाचणी, आल्यावर रोज. अंगावर एकमेकांतलं अंतर मोजणारी छोटी यंत्रं. प्रेक्षक 25 टक्क्यांपर्यंत. संघाकडे पाच निरोगी खेळाडू असले की खेळायचं. गळती लागली तर चार राखीव संघ तयार, पण फक्त 68 संघांच्या निवडीनंतरच्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत. त्यानंतर बदली नाही. फट राहिली ती पंचांच्या बाजूने: उशिरा पोहोचलेले पंच, हॉटेलच्या खोल्या तयार नाहीत, सगळे बाहेर जेवायला गेले, त्यातला एक बाधित निघाला आणि सहा जणांना परत पाठवावं लागलं. 67 पैकी एकच सामना झाला नाही. व्हीसीयूच्या (व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या) संघात बाधित सापडले, ऑरेगनविरुद्धचा सामना ‘नो कॉन्टेस्ट’ ठरला आणि ऑरेगन न खेळता पुढच्या फेरीत गेलं. 5 एप्रिलला बेलरने गोन्झागाला 86-70 हरवलं. डिसेंबरमध्ये राहिलेला सामना असा थेट अंतिम फेरीत झाला. प्रक्षेपणाचे पैसे आले.

पैसे आले म्हणून क्रीडा विभाग सावरले असं नाही. सिनसिनाटीने एप्रिल 2020 मध्येच पुरुषांचा फुटबॉल, आपला फुटबॉल, बंद केला. आयोवाने चार खेळ कापायचं जाहीर केलं. स्टॅनफर्डने एकदम 11 खेळ कापायचं ठरवलं आणि खेळाडू, माजी विद्यार्थी, कोर्टकचेऱ्या यांच्या रेट्यानंतर मे 2021 मध्ये निर्णय फिरवला. पोहणारे, कुस्तीगीर, टेनिसपटू यांचा बास्केटबॉलच्या वेळापत्रकाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध असा, की बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल हे दोनच खेळ कमावतात आणि बाकीचे त्यांच्या ताटातलं खातात. त्यात हिवाळी खेळाडूंना एक जादा वर्ष खेळायची मुभा मिळाली. खेळाडूंच्या दृष्टीने न्याय्यच. पण पुरुषांच्या संघाला तेव्हा 13 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि जादा वर्षासाठी थांबलेले शेवटच्या वर्षाचे खेळाडू त्या मर्यादेबाहेर धरले तरी त्यांची फी कॉलेजलाच भरायची. बाहेर शाळेतून येणारी मुलं जागेसाठी ताटकळत.

पुढच्या हिवाळ्यात ओमिक्रॉन आला तेव्हा लस होती, म्हणून कॉन्फरन्सनी कडक नियम केला होता: संघ उभा करता आला नाही तर सामना गमावला. डिसेंबर 2021 मध्ये सामने धडाधड पडू लागले आणि बहुतेकांनी तो नियम मागे घेऊन पुन्हा तारखा शोधायला घेतल्या. लास व्हेगासमध्ये 18 डिसेंबरला दोन सामने होते: यूसीएलए विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना आणि ओहायो स्टेट विरुद्ध केंटकी. यूसीएलए आणि ओहायो स्टेट आजारी. उरलेल्या दोघांना एकमेकांसमोर उभं केलं, प्रक्षेपणाची वेळ वाया गेली नाही, केंटकी 98-69 ने जिंकलं. दूरचित्रवाणीसाठीचा सामना दोन दिवसांत जुळतो, बाय गेम जुळत नाही.

तुमच्यापैकी कुणी उद्या अशा करारावर सही करणार असेल, तर चार गोष्टी कलमात लिहून घ्या: साथरोग हा शब्द नावानिशी, किती खेळाडू उपलब्ध असले की खेळणं बंधनकारक, किती तास आधी कळवायचं, आणि विमानाची तिकिटं काढून झाल्यावर सामना पडला तर ती कुणाच्या खात्यावर.